नाणं घासू नका

१९०९ साली अमेरिकेत लिंकनची मुद्रा असलेलं एक सेंटचं नाणं आलं. मागच्या बाजूला शिल्पकार व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर यांची आद्याक्षरं होती. ती फार ठळक दिसतात अशी ओरड झाली आणि काही दिवसांतच ती काढली गेली. तोवर सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत अशी फक्त ४,८४,००० नाणी पडली होती.

आज त्यांची प्रत ठरते १ ते ७० या श्रेणीवर. तिचा पाया विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये घातला. ६० पासून पुढे न वापरलेली नाणी येतात. पारखी झीज, ओरखडे आणि मूळ झळाळी बघतात. ठशाच्या दाबाखाली धातू सरकून उमटलेल्या सूक्ष्म रेषांवर प्रकाश खेळतो, तीच ही झळाळी. घासलं की या रेषा कायमच्या जातात, आणि किंमतही.

म्हणून घरात जुनं नाणं सापडलं, तर त्याला चिंच लावू नका!