आसभार आणि वहनमर्यादा : भुदरगड परिसरातील ऊसवाहू ट्रॉलीच्या संदर्भात

प्रस्तावना

कोल्हापूर जिल्ह्यातील गारगोटी हे भुदरगड तालुक्याचे मुख्य ठिकाण वेदगंगेच्या खोऱ्यात वसलेले आहे. ऊस हे या खोऱ्यातील प्रमुख नगदी पीक होय. गळीत हंगामात बिद्री येथील दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्याकडे जाणारे रस्ते ऊसवाहू ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी गजबजलेले असतात. वाहतुकीचा मोबदला टनावर मिळत असल्याने एका खेपेत जितका अधिक ऊस, तितका अधिक लाभ, अशी समजूत रूढ झाली आहे. कारखान्याच्या वजनकाट्यावर भरलेल्या वाहनातून रिकाम्या वाहनाचे वजन वजा करून उसाचे वजन निश्चित होते. प्रत्येक आसावर किती भार पडला, हे मात्र त्यातून कळत नाही. वाहनाची सुरक्षितता व रस्त्याचे आयुष्य या न मोजलेल्या भारावरच अवलंबून असते. त्याचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मूलभूत संज्ञा

ट्रॉलीच्या संदर्भात तीन वजने लक्षात घ्यावी लागतात. रिकाम्या ट्रॉलीचे वजन हे पहिले. मालासह अनुज्ञेय असलेले एकूण वजन हे दुसरे. आणि प्रत्येक आसाला, म्हणजेच व्यवहारातील अ‍ॅक्सलला, पेलण्याची मुभा असलेला भार हे तिसरे. एकूण वजनातून रिकामे वजन वजा केल्यास वहनक्षमता मिळते. त्यामुळे ट्रॉलीला उंच फळ्या किंवा जादा लोखंडी सांगाडा बसविल्यास वहनक्षमता वाढत नाही, उलट तेवढ्या वजनाने घटते. तसेच आस, टायर, पाटे, चाकाचे बोल्ट व जोडणीचा हूक यांपैकी जो घटक सर्वांत दुबळा, तोच ट्रॉलीची खरी मर्यादा ठरवितो. केवळ आस जाड बसविल्याने टायरची क्षमता वाढत नाही.

भाराची विभागणी

एकूण वजन मर्यादेत असूनही एखादा आस अतिभारित असू शकतो. समजा, एका चारचाकी ट्रॉलीचे रिकामे वजन 2.5 टन, अनुज्ञेय एकूण वजन 10.5 टन आणि प्रत्येक आसाची मर्यादा 5.25 टन आहे. तिची वहनक्षमता 8 टन ठरते. हा भार दोन्ही आसांवर सारखा विभागला, तर प्रत्येक आसावर बरोबर 5.25 टन येतात. मोळ्या मागील बाजूस अधिक रचल्या आणि 8 टनांपैकी 5 टन मागील आसावर आले, तर त्यावरील भार 6.25 टन होतो. काट्यावरील आकडा नियमानुसार योग्य. आस मात्र एक टनाने अतिभारित.

दोनचाकी ट्रॉलीत हा परिणाम वेगळ्या प्रकारे दिसतो. हूक व आस यांतील अंतर 4 मीटर आणि ट्रॉलीसह भार 6 टन मानू. भाराचा गुरुत्वमध्य आसाच्या 0.4 मीटर पुढे असल्यास हुकावर 0.6 टन व आसावर 5.4 टन भार येतो. तोच मध्य आसाच्या 0.2 मीटर मागे गेल्यास हूक 0.3 टन बलाने वर उचलला जातो आणि आसावर 6.3 टन, म्हणजे एकूण वजनापेक्षाही अधिक भार पडतो. ट्रॅक्टरच्या मागील चाकांची पकड त्यामुळे कमी होते. चढावर मागील चाके घसरण्याचा आणि उतारावर ब्रेक अपुरे पडण्याचा धोका वाढतो.

अमेरिकेत मोटारसायकली वाहून नेण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या 'टॉय हॉलर' या फिरत्या घरांनाही हेच गणित लागू पडते. त्यांतील वाहनांची जागा मागील बाजूस असल्याने, ट्रॉलीच्या एकूण वजनाच्या साधारण 10 ते 15 टक्के भार हुकावर राहील अशी मांडणी करण्याची शिफारस तेथे केली जाते.

रस्त्यावरील परिणाम

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात 1958 ते 1960 या काळात झालेल्या रस्ता-चाचणीतून असे दिसून आले, की रस्त्याची झीज आसभाराच्या सुमारे चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. भारतीय रस्ते संकल्पनातही 80 किलोन्यूटन, म्हणजे सुमारे 8.16 टन, हा प्रमाण आसभार मानला जातो. या नियमानुसार आसावरील भार 20 टक्क्यांनी वाढल्यास झीज सुमारे दुप्पट, दीडपट झाल्यास पाचपट आणि दुप्पट झाल्यास सोळापट होते. वरील उदाहरणातील मागील आसामुळे होणारी झीजही जवळजवळ दुप्पट ठरते. याउलट, तोच भार एका आसाऐवजी दोन आसांवर समान विभागल्यास एकूण झीज एक-अष्टमांश होते. पावसाळ्यात भिजलेल्या पायावर हंगामाच्या आरंभीच अशी वाहने धावू लागली, की ग्रामीण रस्ते लवकर का उखडतात, हे यावरून ध्यानात येते.

कायदेशीर तरतुदी

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 113 नुसार नोंदणी प्रमाणपत्रात नमूद केलेल्या भारासह वजनापेक्षा अधिक वजनाचे वाहन किंवा ट्रेलर सार्वजनिक ठिकाणी चालविता येत नाही. प्रमाणपत्रातील रिकाम्या वजनापेक्षा प्रत्यक्ष रिकामे वजन अधिक असणे हेही त्याच कलमाचे उल्लंघन आहे. फळ्या वाढविणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावयास हवे. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 194 अन्वये 20,000 रुपये आणि प्रत्येक जादा टनास 2,000 रुपये दंडाची तरतूद आहे. केंद्र शासनाने 2018 मध्ये मालमोटारींच्या चार टायरच्या एकेरी आसाची मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टन केली. परंतु ही कमाल मर्यादा आहे. कमी क्षमतेच्या आसाला त्यामुळे जादा भाराची मुभा मिळत नाही.

निष्कर्ष

1. वहनक्षमता ही एकूण वजन, आसभार व टायरक्षमता या तिन्ही कसोट्यांवर ठरवावी.
2. मोळ्या लांबीच्या दिशेने समतोल व कमी उंचीवर रचाव्यात.
3. साध्या वजनकाट्यावरही एकेक आस स्वतंत्रपणे चढवून त्यावरील भार अंदाजे मोजता येतो. हंगामारंभी अशी तपासणी करणे उपयुक्त ठरेल.

टनावरील मोबदल्याच्या हिशेबात फुटलेला टायर, मोडलेला पाटा व उखडलेला रस्ता यांचा खर्च धरला जात नाही. तो खर्च प्रथम वाहतूकदाराला व नंतर संपूर्ण गावाला सोसावा लागतो. भारावर बसून प्रवास करणाऱ्या तोडणी मजुरांच्या जिवाची जोखीम तर कोणत्याच काट्यावर मोजता येत नाही.