कूर्माच्या कंठांतील पिशवी

आमच्याकडील जुन्या देवळांतून गाभाऱ्यापुढें, सभामंडपाच्या फरशींत, दगडाचें एक कासव बसविलेलें असतें. दर्शनास जाणारा त्याला नमस्कार करून, निदान त्यावर पाय पडणार नाहीं असें जपून, पुढें जातो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत स्थितप्रज्ञाला दिलेली उपमाही याच प्राण्याची. कासव आपले अवयव आंत ओढून घेतें तसा ज्ञाता विषयांपासून इंद्रियें आवरतो, हें आम्हीं शाळेंत तीस-पस्तीस वर्षें शिकविलें आणि फळ्यावर कासव काढूनही दाखविलें. निवृत्तीनंतर कांहीं वाचन घडलें तेव्हां कळलें कीं, समुद्रांतल्या कासवाला ही उपमा लागूच पडत नाहीं! तळ्यांतलें वा विहिरींतलें कासव डोकें आणि पाय कवचांत घेऊं शकतें. समुद्रकासवाचे पाय वल्ह्यांसारखे लांब झालेले असतात, आणि त्याचें डोकें कवचांत मावत नाहीं. समोर जें येईल त्याला त्यानें उघड्या मानेनेंच तोंड द्यावयाचें. आणि आज त्याच्यासमोर जें येतें, त्यांत प्लास्टिकचा वांटा दिवसेंदिवस वाढत आहे.

आमच्या कोंकणच्या किनाऱ्यावर जें कासव मुख्यत्वें अंडीं घालण्यास येतें त्याला ऑलिव्ह रिडले म्हणतात. रत्नागिरी जिल्ह्यांत मंडणगड तालुक्यांत वेळास नांवाचा गांव आहे. नाना फडणविसांचें मूळ गांव म्हणून आमच्या पिढीला तो ठाऊक. अलीकडच्या तरुणांस मात्र तो कासवांचा गांव म्हणूनच माहीत आहे. थंडीच्या दिवसांत मादी रात्रीं वाळूंत येते, मागच्या पायांनीं खड्डा करून शंभरएक अंडीं घालते, वाळू लोटते आणि परत जाते. आपलीं पिलें तिला पुन्हां दिसत नाहींत. सुमारें पन्नास दिवसांनीं पिलें वर येतात आणि समुद्राच्या उजेडाकडे धांव घेतात. पूर्वी हीं अंडीं माणसेंच उकरून नेत. 2002 सालापासून चिपळूणच्या सह्याद्रि निसर्गमित्र या संस्थेनें ग्रामस्थांच्या साहाय्यानें त्यांचें रक्षण आरंभिलें, आणि तें काम पुढें इतर गांवींही पसरलें. ही मादी किती दूरची पाहुणी असते पाहा. 2021 सालीं ओडिशाच्या किनाऱ्यावर जिच्या पायाला खुणेचा बिल्ला लावला होता अशी एक मादी 2025 च्या जानेवारींत गुहागरला अंडीं घालतांना आढळली! अर्धा हिंदुस्थान वळसा घालून ती आली. वाटेंत तिनें काय काय खाल्लें असेल, हा प्रश्न पूर्वी कोणाला सुचला नसता.

कासव पिशवी खातें तें मूर्खपणानें नव्हे. पाण्यांत अर्धवट भरलेली पातळ पिशवी लाटेबरोबर आकुंचन-प्रसरण पावते, आणि तिचें रूप हुबेहूब जेलीमाशासारखें दिसतें. हा जेलीमासा कासवाचें अन्न. फसवणूक डोळ्यांचीच होते असेंही नाहीं. समुद्रांत कांहीं दिवस राहिलेल्या प्लास्टिकवर शेवाळ व सूक्ष्म जीव चढतात आणि त्याला खाद्यासारखा वास येऊं लागतो. 2020 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, असें प्लास्टिक आणि खरें अन्न यांच्या वासाला समुद्रकासवांनीं सारखाच प्रतिसाद दिल्याचें दिसून आलें.

याहून दारुण गोष्ट कंठाची आहे. समुद्रकासवाच्या घशाला आंतून टोंकदार कांट्यांसारखे उंचवटे असतात आणि त्या सर्वांचीं टोंकें पोटाच्या दिशेला वळलेलीं असतात. ही योजना मोठी चातुर्याची. घासाबरोबर आलेलें खारें पाणी बाहेर टाकावें आणि भक्ष्य मात्र निसटूं नये, याकरितां ती आहे. परंतु जें एकदां आंत गेलें तें बाहेर येण्याची वाट तिनें बंद केली आहे. पिशवी लागली तर कासव ती ओकून टाकूं शकत नाहीं. ती आंतड्यांत जाऊन बसते. पोट भरल्याचा भास होतो, अन्न मात्र मिळत नाहीं. वाट तुंबली म्हणजे आंत वायु धरतो, आणि मग तें जनावर बुडीच मारूं शकत नाहीं, बुचासारखें पृष्ठभागावर तरंगत राहतें. तेथें त्याला होडीचा घाव लागतो किंवा ऊन आणि उपवास यांनीं तें जातें. 2018 सालीं ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं शेंकडों मेलेल्या कासवांच्या तपासणीवरून असा हिशेब मांडला कीं, पोटांत प्लास्टिकचे 14 तुकडे गेले म्हणजे मरणाचा संभव निम्म्यावर येतो.

इतर जलचरांचें वर्णन विस्तारभयास्तव थोडक्यांतच करतों. 2018 सालीं थायलंडच्या किनाऱ्यावर एक लहान जातीचा देवमासा मेला. त्याच्या पोटांतून सुमारें 80 पिशव्या निघाल्या, वजन 8 किलो. पुढच्याच वर्षीं फिलिपिन्समध्यें दुसऱ्या एकाच्या पोटांत 40 किलो प्लास्टिक सांपडलें. प्रशांत महासागराच्या मध्यभागीं मिडवे बेटावर अल्बट्रॉस पक्ष्यांच्या पिलांचे सांगाडे पडलेले असतात, आणि त्यांच्या बरगड्यांच्या मधोमध बाटल्यांचीं रंगीत झांकणें जशींच्या तशीं राहिलेलीं दिसतात. आईनें तीं मायेनें भरविलेलीं असतात.

या सर्वांत एक विलक्षण विपर्यास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सेल्युलॉइड निघालें. आजच्या प्लास्टिकचें तें पूर्वज म्हणावयास हरकत नाहीं. त्यापूर्वी फण्या, चष्म्यांच्या चौकटी, डब्या वगैरे जिनसा एका जातीच्या समुद्रकासवाच्या कवचाच्या करीत असत. सेल्युलॉइडच्या स्वस्त फण्या आल्या आणि कवचाची मागणी उतरली. म्हणजे या पदार्थानें आरंभीं कासवाचे प्राणच वांचविले! तेव्हां प्लास्टिक हें सर्वथा राक्षसी आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. दवाखान्यांतील सुईपासून कोंकणांतल्या वाडीवर पाणी नेणाऱ्या नळापर्यंत त्याचे उपकार आहेत. कुजत नाहीं हा त्याचा गुण, आणि कुजत नाहीं हाच दोष. उन्हानें तें ठिसूळ होऊन त्याचे तुकडे होतात, तुकड्यांचे कण होतात. परंतु मातीची माती व्हावी तसें त्याचें कांहीं होत नाहीं.

जाळ्यांचेंही तसेंच. पूर्वीचें जाळें सणाचें वा सुताचें असे. समुद्रांत हरवलें तर कुजून जाई. नायलॉनचें जाळें हरवलें म्हणजे तें धन्यावांचून शिकार करीत राहतें. कासवाला फुप्फुसें असतात. श्वासाकरितां वर येतां आलें नाहीं तर तें पाण्यांतच बुडून मरतें. मालदीवचे कोळी मोठीं जाळीं वापरीत नाहींत, गळानें मासे धरतात. तरी त्यांच्या बेटांपाशीं जाळ्यांत गुरफटलेलीं कासवें येत राहतात, आणि त्यांत ऑलिव्ह रिडलेच फार. जाळीं दुसऱ्यांचीं, वाहून आलेलीं. यावरून आमच्या कोळी बांधवांस दोष देण्याचा कोणी उतावीळपणा करूं नये. जाळें म्हणजे त्यांचें भांडवल, तें कोण हौसेनें टाकील? महाराष्ट्र शासनानें 2018 च्या अखेरीस अशी योजना काढली कीं, अडकलेल्या संरक्षित जलचराला सोडविण्यासाठीं ज्यानें आपलें जाळें कापलें त्याला 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळावी. आम्हांस ती फार शहाणपणाची वाटते.

समुद्रांत हें सारें जातें कोठून? 2015 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका गणिताप्रमाणें 2010 या एका वर्षांत जमिनीवरून समुद्रांत 48 लाख ते 127 लाख टन प्लास्टिक गेलें. हे आंकडे वाचून आम्ही चकित झालों आणि, खरें सांगावयाचें तर, थोडे निश्चिंतही झालों. एवढ्या मोठ्या आंकड्यांत आपला वांटा तो किती! परंतु ही निश्चिंति टिकली नाहीं, कारण लवकरच एक जुनी गोष्ट आठवली, आणि ती येथें सांगितली पाहिजे.

आमचें कुटुंब एकत्र, देवघर मोठें. आठवड्याचें निर्माल्य सांठवून खाडीच्या पुलावरून प्रवाहांत सोडण्याचा परिपाठ वडिलांच्या वेळेपासूनचा. पूर्वी तें परडींतून नेत आणि परडी घरीं परत येई. परडीची जागा पिशवीनें केव्हां घेतली, हें घरांत कोणासही सांगतां येत नाहीं. पुलावर वारा फार. फुलें उडून रस्त्यावर पडत आणि पायांखालीं येत, म्हणून पिशवीला घट्ट गांठ मारून ती तशीच खालीं सोडावी, ही युक्ति आमची! आम्हीं ती मुलांस शिकविली, शेजाऱ्यांसही मोठ्या आत्मविश्वासानें सांगितली. देवाचें फूल पायदळीं येऊं नये, एवढाच हेतु. पण गांठ मारलेल्या पिशवींत हवा राहते, ती तरंगते, आणि ओहोटीबरोबर खाडीच्या मुखाकडे जाते. आठवड्यास एक धरली तरी वर्षाच्या 52. हा क्रम वीस वर्षें तरी चालला. हजारावर पिशव्या झाल्या. देवळांतल्या दगडी कासवाला पाय लागूं न देणारे आम्ही खऱ्या कासवाकडे काय पाठवीत होतों, हें आम्हांस त्या सबंध काळांत एकदांही दिसलें नाहीं.

कायदे झाले आहेत. महाराष्ट्रांत 2018 च्या मार्चमध्यें पिशव्या, थर्मोकोलच्या पत्रावळी इत्यादींवर बंदीची अधिसूचना निघाली. 1 जुलै 2022 पासून एकदांच वापरून फेंकण्याच्या ठराविक वस्तूंवर देशभर बंदी आली. सर्व राष्ट्रांनीं मिळून एक करार करावा म्हणून 2022 पासून वाटाघाटी आरंभिल्या. 2025 च्या ऑगस्टमध्यें जिनीव्हा येथें प्रतिनिधि जमले आणि एकमत न होतां परत गेले. मुंबईस पावसाळ्यांत मोठी भरती येते तेव्हां समुद्र आमचा माल मरीन ड्राइव्हवर परत आणून टाकतो. पोंच मिळाल्यासारखें तेवढेंच!

घरांतला कायदा बदलणें याहून अवघड गेलें. आमच्या वडील भगिनी, ज्यांना सर्व जण आक्का म्हणतात, त्यांचा आक्षेप असा कीं, निर्माल्याला जलस्पर्श झालाच पाहिजे. खड्ड्यांत टाकलें तर तो उकिरडा झाला. आम्हीं शास्त्र काढून पाहूं लागलों, तों त्यांनींच तोड सुचविली. निर्माल्य प्रथम स्वच्छ पाण्याच्या घमेल्यांत बुडवावें, नमस्कार करावा, आणि मग परसांतल्या पारिजातकाच्या आळ्यांत घालून वर माती लोटावी; ती जागा कोणी तुडवूं नये म्हणून भोंवतीं चार विटा. गेलीं दोन वर्षें तसें चाललें आहे. पारिजातकाचीं फुलें पुन्हां देवाला येतात.

दुधाचा प्रश्न मात्र तसाच आहे. घरांत रोज सहा पिशव्या लागतात, म्हणजे वर्षास 2,190. पिशव्या धुऊन, वाळवून भंगारवाल्यास देतां येतात. पण कोपरा कापला म्हणजे जो नखाएवढा तुकडा निघतो तो मोरीवाटे नाहींसा होतो, आणि कासवाच्या घशाला तेवढा पुरे. आमच्या धाकट्या सूनबाईंनीं नियम केला आहे कीं, कोपरा तोडावयाचा नाहीं, नुसती चीर द्यावयाची. विसरून ज्यानें तोडला त्यानें तुकडा फडताळावरच्या कांचेच्या बरणींत टाकावा. पाडव्यापासून ती बरणी निम्मी भरली आहे, आणि त्यांतले पुष्कळसे तुकडे आमच्याच हातचे आहेत.