व्हीआर हेडसेटला तुमची नजर कशी कळते? आणि कितपत?

व्हीआर हेडसेटमधला आय ट्रॅकर वापरून प्रयोग करायचाय? मग आधी एक ठरवा: नजर कुठे थांबते हे तुम्हाला बघायचंय, की ती कशी धावते हे?

यंत्राचं काम तसं सोपं आहे. लेन्सच्या कडेला बारीक इन्फ्रारेड एलईडी असतात. त्यांचा प्रकाश आपल्याला दिसत नाही, पण कॉर्नियावर त्याचे चमकते ठिपके उमटतात. हे ठिपके आणि डोळ्याची बाहुली, दोन्ही कॅमेरा टिपतो. डोळा फिरला की बाहुली जास्त सरकते, ठिपके कमी. या फरकावरून नजरेची दिशा काढतात. प्रत्येकाच्या डोळ्याची ठेवण निराळी, म्हणून आधी कॅलिब्रेशन.

आता आकडे बघा. २०१९ च्या एचटीसी व्हाइव्ह प्रो आयमध्ये सेकंदाला १२० नोंदी मिळतात, म्हणजे दर ८.३ मिलिसेकंदांना एक. भरपूर वाटतात ना? पण नजर एका जागेवरून दुसरीकडे जी झेप घेते (सॅकेड), ती छोटी असेल तर ३० मिलिसेकंदांच्या आसपास संपते. हाती येतात जेमतेम तीन-चार नोंदी! त्यांवरून झेपेचा कमाल वेग काढलात, तर परीक्षक पहिला प्रश्न तिथेच विचारतील. नजर एखाद्या वस्तूवर स्थिरावते ती मात्र साधारण २००-३०० मिलिसेकंद, त्यामुळे ते मोजायला हे यंत्र पुरतं.

याच हेडसेटची कंपनीने दिलेली अचूकता ०.५ ते १.१ अंश आहे, तीही मधल्या २० अंशांपुरती. एक अंशाची चूक म्हणजे एक मीटरवर पावणेदोन सेंटीमीटर, पाच मीटरवर जवळपास नऊ. तेव्हा आभासी दुकानात कोणत्या फळीकडे बघितलं ते विचारा. लांबून कोणत्या पुडीकडे, ते नको.

शिवाय हा आकडा चांगल्या परिस्थितीतला. मान हलवताना हेडसेट किंचित सरकतो, चष्म्यावर प्रकाश परततो, आणि गडद काजळ-मस्कारा लावलेला असेल तर बाहुलीची कड शोधताना सॉफ्टवेअर गडबडतं. सहभागींना सूचना देतानाच हे सांगून ठेवा. कॅलिब्रेशनची तपासणी प्रयोगानंतरही करा. चूक किती वाढली ते त्याशिवाय कळत नाही.

आणि हो, हेडसेट घेण्याआधी कच्चा डेटा मिळतो का ते बघा. ॲपल व्हिजन प्रो नजरेवर चालतो, पण तुम्ही कुठे बघताय हे साध्या ॲपला सांगत नाही. चिमटीने निवड केली की तेवढंच कळवतो. वापरणाऱ्याच्या खासगीपणासाठी हे योग्यच आहे, पण तुमच्या प्रबंधाला त्याचा उपयोग नाही.