सुकणे, वाळणे आणि गोठणे : मिरचीच्या साठवणीविषयी एक टिपण

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यात, नागझिरा अभयारण्याच्या कडेस चोरखमारा हे गाव आहे. मुलूख भाताचा, परंतु घरापुरती मिरची परसात लावावी आणि फाल्गुनाच्या उन्हात अंगणात पसरावी, ही चाल येथे आहे. अशाच एका अंगणात मूठभर मिरच्या चाचपून एक वृद्ध बाई म्हणाल्या, “सुकली, पन वारली नाई.” झाडीबोलीत ‘ळ’च्या जागी ‘र’ येतो, त्यामुळे नागर कानास या वाक्यातून भलताच अर्थ भासण्याचा संभव आहे. बाईंना अर्थातच ‘वाळली नाही’ असे म्हणावयाचे होते.

‘सुकणे’ व ‘वाळणे’ हे आपण पुष्कळदा पर्याय म्हणून वापरतो. तथापि सुकलेले फूल मलूल असते, वाळलेले फूल चुरगळते. पहिल्यात टवटवी गेलेली असते. दुसऱ्यात ओलच उरलेली नसते. (‘सुकी मिरची’ यातील विशेषण ‘ओली’च्या विरोधात येते, म्हणून तेथे हा भेद लोपतो.) सुकलेली मिरची चामड्यासारखी वाकते, वाळलेली देठाशी कडक होते आणि हलविली असता तिच्यातील बी खुळखुळते.

हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. ताज्या मिरचीच्या वजनाचा बहुतांश पाणी असतो; नीट वाळलेल्या मिरचीत तो अंश शेकडा १०च्या आसपास उतरतो. मधल्या अवस्थेत ती डब्यात भरली, तर आत बुरशी धरते. त्यांतील ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे, यकृतास घातक असे विष निर्माण करते. कुटल्याने वा भाजल्याने ते पुरते नाहीसे होत नाही. म्हणून मिरची पातळ थरात पसरावी, वरचेवर उलथावी व रात्री दवातून उचलावी. उलट, वाळल्यावरही उन्हातच राहिली तर तिचा लाल रंग उडतो.

‘वाळवणे’ या क्रियापदापासून मराठीने ‘वाळवण’ हे नाम घडविले आणि त्यात पापड-कुरडयांसह ताकात भिजवून वाळविलेली सांडगी मिरचीही सामावून घेतली. भिवापूर, कुही, पवनी या बाजूस मिरची निवडण्या-खुडण्याच्या जागेस ‘सातरा’ म्हणतात. ‘साथरा’ म्हणजे अंथरूण, संस्कृत ‘संस्तर’; त्याच्याशी या शब्दाचे नाते असावे, असे मला वाटते.

‘गोठवणे’पासून मात्र असे नाम रूढ झाले नाही. माझ्या मते त्याचे कारण उघड आहे. वाळवल्याने पदार्थ पालटतो, त्याची चव निराळी होते. गोठवलेली हिरवी मिरची हिरवी मिरचीच राहावी, एवढीच अपेक्षा असते. ती अपेक्षा पुरती फळत नाही. उणे १८ अंशांवर तिखटपणा टिकतो; परंतु पेशींतील पाण्याचे स्फटिक पेशीभित्ती फोडतात आणि बाहेर काढताच मिरची लिबलिबीत होते. भाकरीसोबत चावून खाण्यास ती निरुपयोगी. फोडणीस वा ठेच्यास उत्तम. धुऊन, पूर्ण कोरडी करून, देठ काढून लहान पुड्यांत ठेवावी आणि न वितळविता थेट कढईत टाकावी. थंडीने बुरशी मरत नाही, केवळ थांबते. वीज दीर्घकाळ गेली आणि मिरची पुरती वितळली, तर ती पुन्हा न गोठविता लगेच संपवावी.

लाल, पिकलेली मिरची अंगणात आणि हिरवी शीतपेटीत, अशी वाटणी आता अनेक घरांत दिसते. त्या बाईंच्या सुनेने हिरव्या मिरच्यांची पुडी मला दाखविली, तेव्हा तिने ‘गोठवल्या’ असे म्हटले नाही, ती म्हणाली, “फ्रीजमंदी ठेवल्या.”