मिठातले फॉलिक आम्ल

गर्भाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीपासून घडतात, ती नळी गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांच्या आत मिटते. त्या वेळी पुष्कळ स्त्रियांना आपण गरोदर असल्याची कल्पनाही नसते. नळी नीट मिटावी, तर फॉलेट हे जीवनसत्त्व आधीपासूनच रक्तात पुरेसे असावे लागते. दवाखान्यात नाव घातल्यावर मिळणाऱ्या गोळीला या कामी बहुधा उशीरच झालेला असतो.

या जीवनसत्त्वाच्या शोधाचा धागा मुंबईचा आहे. गरोदर स्त्रियांचा एक प्रकारचा पांडुरोग यीस्टच्या अर्काने बरा होतो, हे तेथील अभ्यासातून डॉ. लूसी विल्स यांनी १९३१ साली दाखविले. फॉलेट पालेभाज्यांत असते. पण भाजी उकडून तिचे पाणी पिळून टाकण्याची आपली रीत! त्या पाण्याबरोबर ते बरेचसे मोरीत जाते.

मीठ मात्र घरोघरी, रोज लागते. आयोडीनयुक्त मिठातच फॉलिक आम्ल मिसळून दक्षिण भारतातील चार खेड्यांतल्या ८३ स्त्रियांना ते चार महिने देण्यात आले. २०२४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांच्या रक्तद्रवातील फॉलेट पूर्वीच्या जवळजवळ पावणेचारपट झाले होते. संख्या लहान आहे; तरी एवढी वाढ सहज डावलण्याजोगी नव्हे.

याचा अर्थ मीठ अधिक खावे, असा मात्र कोणी घेऊ नये. शिवाय शाकाहारी घरांत ब-१२ ची उणीव पुष्कळदा आढळते. फॉलिक आम्लाने रक्त सुधारलेले दिसते आणि ब-१२ अभावी मज्जातंतूंना होणारी इजा आत चालूच राहू शकते. तेव्हा तीही तपासणी करून घेतलेली बरी.