नाव तेच, टाइप वेगळा

जीफोर्ट्रान कंपायलरची एक तक्रार नवख्याला चक्रावून टाकते: आर्ग्युमेंट जुळत नाही, पाठवला टाइप(पॉइंट), हवा टाइप(पॉइंट). नाव तेच, आतले घटकही तेच. मग अडलं कुठे? याचं उत्तर फोर्ट्रानच्या जडणघडणीत आहे.

आयबीएम 704 साठी जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1957 मध्ये ही भाषा आणली. पुढच्याच वर्षी फोर्ट्रान 2 मध्ये सबरूटीन वेगळी कंपाइल करायची सोय झाली. पण एका फाइलला दुसऱ्या फाइलमधलं काही दिसत नसे. फोर्ट्रान 77 पर्यंत प्रमाण भाषेत स्वतःचा टाइप बनवताच येत नव्हता. हवामान केंद्रांचं तापमान, दाब, आर्द्रता वेगवेगळ्या अ‍ॅरेंत ठेवायची, नाहीतर अनेक फाइलींना सामायिक असलेल्या कॉमन ब्लॉकमध्ये. कॉमन ब्लॉक नावं पाहत नाही, जागा पाहतो. एका फाइलमध्ये क्रम बदलला आणि दुसरीत राहून गेला, तर दाब म्हणून तापमान वाचलं जाई आणि कंपायलर हूं की चूं करत नसे.

फोर्ट्रान 90 ने (आयएसओ, 1991) स्वतःचे टाइप, मॉड्यूल आणि दुसऱ्या फाइलमधल्या प्रोसीजरचं वर्णन देणारे इंटरफेस ब्लॉक एकदमच दिले. गोंधळही इथेच सुरू झाला.

प्रोग्रामच्या सुरुवातीला ‘पॉइंट’ टाइप लिहिला, खाली इंटरफेस ब्लॉकमध्ये तोच वापरला, तर कंपायलर सांगतो की असा टाइप ठरवलेलाच नाही. चार ओळी वर तो डोळ्यांना दिसत असतो! पण इंटरफेसमधल्या प्रत्येक प्रोसीजरच्या वर्णनाची व्याप्ती स्वतंत्र असते; बाहेरची नावं आत आपोआप येत नाहीत. वैतागलेला प्रोग्रामर मग व्याख्या कॉपी करून आत चिकटवतो. चूक होते ती इथे. फोर्ट्रानच्या नियमाने दोन ठिकाणच्या दोन व्याख्या म्हणजे दोन टाइप, आणि कंपायलरची ती चक्रावणारी तक्रार इथूनच येते.

दोन्हीकडे ‘सीक्वेन्स’ लिहिलं आणि नावं, घटक, क्रम तंतोतंत जुळले, तर ते एकच टाइप मानले जातात. पण कॉपी ती कॉपीच. बाहेरच्या फाइलमधल्या व्याख्येत कुणी एक घटक वाढवला, तर कंपायल सुरळीत होतं आणि आकडे बिघडतात. असा बिघाड शोधण्यात दिवस जातात. खरा उपाय 1991 पासूनच होता: टाइप एकाच मॉड्यूलमध्ये ठेवायचा आणि इंटरफेसच्या आतही ‘यूज’ लिहायचं. प्रोसीजरच मॉड्यूलमध्ये नेली, तर इंटरफेस हाताने लिहायची गरजच उरत नाही.

फोर्ट्रान 2003 ने ‘इम्पोर्ट’ दिलं. त्या एका शब्दाने बाहेरचा टाइप इंटरफेसमध्ये आणता येतो. सीच्या स्ट्रक्टशी जुळवून घेणारं ‘बाइंड(सी)’ही तेव्हाच आलं.

टाइपच्या या काटेकोर शिस्तीचं मोल समांतर संगणनात ठळक दिसतं. पुण्याच्या आयआयटीएम या संशोधन संस्थेतल्या हवामान मॉडेलांसह जगभरच्या कितीतरी फोर्ट्रान मॉडेलांत प्रोसेसरांमधला संवाद एमपीआय या संदेशवहनाच्या प्रमाणावर चालतो. त्याच्या जुन्या पद्धतीत कम्युनिकेटर, डेटाटाइप, रिक्वेस्ट हे सगळे नुसते पूर्णांक. त्यांतल्या कुठल्याही दोहोंची अदलाबदल झाली तरी टाइपच्या तपासणीत काहीच सापडत नसे. एमपीआय 3.0 ने 2012 मध्ये ‘एमपीआय_एफ08’ मॉड्यूल आणलं आणि प्रत्येकाला स्वतःचा टाइप दिला. आता अशी अदलाबदल कंपायल करतानाच पकडली जाते. जुन्या सबरूटीनला पूर्णांकच हवा असेल, तर तो ‘एमपीआय_व्हॅल’ या घटकातून काढून देता येतो.