लग्नाचा बायोडाटा वेगळा, नोकरीचा वेगळा. मुलाखतीला जाण्याआधी एवढं वाचा

आयटीआयचा, बारावीचा निकाल लागला की तालुक्याच्या गावातल्या झेरॉक्स दुकानांत बायोडाटा काढायला पोरापोरींची गर्दी होते. दुकानदाराच्या कॉम्प्युटरमध्ये एक जुना नमुना असतो. त्यात नाव बदलायचं, फोटो लावायचा, पाच प्रती काढायच्या आणि एमआयडीसीची गाडी धरायची. मग सगळ्यांचे कागद सारखेच दिसतात. निवड झाली नाही की घरी येऊन सांगायचं, "वशिला नव्हता." वशिला काही ठिकाणी चालत असेलही, पण बऱ्याच वेळा आपला कागदच आपल्याबद्दल काही बोलत नाही.

काय काढून टाकायचं?

अनेकांच्या कागदावर जात, उंची, रंग, भावंडं किती, जमीन किती असं सगळं असतं. हे लग्नाच्या बायोडाट्यातलं झालं. कंपनीला त्याचा उपयोग नाही. वर इंग्रजीत 'उद्दिष्ट' म्हणून तीन-चार ओळी छापलेल्या असतात. साहेबाने त्याचा अर्थ विचारला तर सांगता येत नाही आणि तिथेच घाम फुटतो. ज्या ओळीचा अर्थ सांगता येत नाही ती ओळ ठेवू नये.

काय लिहायचं?

एक पान पुरे. नाव आधार कार्डावर आणि मार्कशीटवर आहे तसंच लिहा. दोन्हीकडे वेगळं असेल तर आधीच दुरुस्त करून घ्या, नाहीतर निवड झाल्यावर कागदपत्रांत अडकतं. मोबाईल नंबर चालू असलेलाच द्या. शिक्षण शेवटचं आधी, दहावी खाली. ट्रेड, वर्ष, टक्के, एमएस-सीआयटी झाली असेल तर तीही.

खरी चूक पुढे होते. शिक्षण संपून दोन वर्षं झालेली असतात आणि 'अनुभव' या रकान्यात 'नाही' लिहिलेलं असतं. ही दोन वर्षं पोरगं झोपलेलं नसतं. बागेचं ठिबक, फवारणी, मोटारीचा स्टार्टर, ट्रॅक्टर हे सगळं तोच बघत असतो. पण शेती म्हणजे काही काम नव्हे, असं त्यालाच वाटतं.

'शेतीकाम केले' एवढंच लिहून भागत नाही. असं लिहावं : 'दोन हंगाम तीन एकर डाळिंबाचे ठिबक व फवारणीचे वेळापत्रक सांभाळले. मजुरांची हजेरी व हिशोब ठेवला. ट्रॅक्टर चालवतो, लायसन्स आहे.' एखाद्या मुलीने बचत गटाची वही लिहिली असेल, डेअरीवर फॅट लावण्याचं काम केलं असेल तर तेही अनुभवातच येतं. आकडा आणि काम दोन्ही लिहा. मात्र जे केलं नाही ते लिहू नका, दुसऱ्याच प्रश्नाला उघडं पडतं.

मुलाखतीत काय विचारतात?

पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला : "स्वतःबद्दल सांगा." गाव, शिक्षण, काय काम येतं, ही नोकरी का पाहिजे, एवढं एका मिनिटात सांगायचं. घरच्यांसमोर चार वेळा मोठ्याने बोलून बघा. इंग्रजी येत नसेल तर मराठीत बोलण्याची परवानगी मागा. तोडकंमोडकं पाठ केलेलं इंग्रजी बोलण्यापेक्षा ते बरं.

दुसरा भाग ट्रेडचा. फिटरला व्हर्नियर कॅलिपरचा लीस्ट काउंट विचारतात. वर्कशॉपमधल्या नेहमीच्या व्हर्नियरचा तो ०.०२ मिमी, मायक्रोमीटरचा ०.०१ मिमी. इलेक्ट्रिशियनला अर्थिंग कशासाठी, असं विचारतात. आदल्या रात्री ट्रेडचं पुस्तक एकदा चाळा. उत्तर येत नसेल तर "येत नाही सर, शिकून घेईन" म्हणा.

"दोन वर्षं काय केलं?" हा प्रश्न येणारच. मान खाली घालायची नाही. कागदावर लिहिलंय तेच सांगायचं.

शेवटी आपणही विचारायचं : नेमणूक कंपनीची की ठेकेदाराची, पाळ्या कशा, गाडी आहे का, हातात किती पडणार? पत्रात १८ हजार असले तरी हातात तेवढे येतीलच असं नाही. मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर साधारण १२ टक्के पीएफ कापला जातो, ईएसआय लागू असेल तर आणखी ०.७५ टक्के. पीएफ मात्र आपल्याच खात्यात जमा होतो.

पैसे मागितले तर?

'फॉर्म फी', 'ड्रेसचे डिपॉझिट' म्हणून कुणी फोनवर पैसे मागितले तर एक रुपयाही पाठवू नका, ओटीपी सांगू नका. शासनाच्या महास्वयं पोर्टलवर नोकरीसाठी नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत.

झेरॉक्सच्या दुकानात जाण्याआधी घरी वहीचं एक पान घ्या. गेल्या दोन वर्षांत हाताने काय काय केलं ते त्यावर लिहून काढा. दुकानदाराला तेच पान टाईप करायला सांगा.